‘मॉर्टन-न्यूरोमा’ : एका नामाचा व त्याच्या उपचारांचा इतिहास

चालताना पावलाच्या पुढच्या भागात, तिसऱ्या व चौथ्या बोटांच्या मुळाशी, एकाएकी आगीसारखी कळ उठते. जोड्यात खडा शिरला असावा असा भास होतो. कळ बोटांच्या टोकांपर्यंत धावते आणि मागे बधिरता ठेवून जाते. रोगी वाटेतच थांबतो, जोडा काढून पाऊल चोळतो, आणि थोड्याच वेळात त्यास (अधिक वेळा तीस, कारण हा विकार स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळतो) बरे वाटू लागते. पाश्चात्त्य वैद्यकात या विकारास ‘मॉर्टन-न्यूरोमा’ हे नाव रूढ आहे. नाव दोन पदांचे आहे आणि दोन्ही पदांवर आक्षेप घेता येतो. मॉर्टन हा या विकाराचे वर्णन करणारा पहिला ग्रंथकार नव्हे. आणि ज्यास येथे ‘न्यूरोमा’ म्हटले जाते ती वस्तू, त्या शब्दाच्या काटेकोर शास्त्रीय अर्थाने, न्यूरोमा नव्हे.

वैद्यकाच्या परिभाषेत अयथार्थ नावे थोडीथोडकी नाहीत, आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी आहेत. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळचा अर्थ ‘दूषित हवा’ असा असला, तरी त्या व्युत्पत्तीमुळे आज कोणी डासांकडे दुर्लक्ष करीत नाही. प्रस्तुत नामाची गोष्ट निराळी आहे. ‘न्यूरोमा’ म्हणजे मज्जातंतूचे अर्बुद. आणि अर्बुद म्हटले की ते समूळ काढून टाकावे हा विचार वैद्याच्याच नव्हे, तर रोग्याच्याही मनात आपोआप येतो. येथे जे काढून टाकले जाते तो मात्र रोग्याचा स्वतःचा मज्जातंतू असतो. तेव्हा नावाने उपचार घडविला काय, आणि घडविला असल्यास कितपत, हा प्रश्न केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा राहत नाही. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने पराव्या क्षेत्रात पाऊल टाकण्याचे एवढेच निमित्त आहे.

प्रथम उत्तरपदाचा विचार करू. ग्रीक भाषेत ‘-ओमा’ हा मूळचा स्वतंत्र प्रत्ययच नव्हे. ‘-ओओ’ अशा अंताच्या क्रियापदांना ‘-मा’ हा परिणामवाचक प्रत्यय लागून जी नामे सिद्ध होत, त्यांच्या शेवटी ‘-ओमा’ असा ध्वनिसमूह दिसे. त्यांतील काही नामे शरीरावरील वाढींची असल्यामुळे पुढील वैद्यांनी तो ध्वनिसमूह तोडून घेतला व त्यास अर्बुदवाचक प्रत्यय मानले. ‘ग्लॉकोमा’, ‘ट्रॅकोमा’ यांसारख्या शब्दांत अर्बुदाचा लवलेश नाही, ही जुन्या अर्थाची राहिलेली खूण होय. जिनीव्हाचा वैद्य लुई ओदिये याने १८०३ मध्ये ‘न्यूरोमा’ हा शब्द योजिला, तेव्हा त्याची व्याप्ती फार सैल होती. मज्जातंतूवर आलेली कोणतीही गाठ त्यात बसे. विर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात खरे न्यूरोमा व खोटे न्यूरोमा असा भेद केला : ज्यात प्रत्यक्ष मज्जातंतूच्या द्रव्याची नवी वाढ असते ते खरे, आणि ज्यात भोवतालच्या आवरणाची वा अन्य पेशीजालाची वाढ असते ते खोटे. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

आता पूर्वपद. पिस्तोइया येथील शारीरशास्त्रज्ञ फिलिप्पो सिविनीनी याने १८३५ मध्ये एका पत्ररूप निबंधात तळव्यातील मज्जातंतूवरील एका ‘गंडिकासदृश फुगवट्या’चे वर्णन केले. तो शवविच्छेदन करणारा होता, रोगी तपासणारा नव्हे. म्हणून त्याच्या लेखनात वस्तू आहे, परंतु वेदना नाही. दहा वर्षांनंतर, १८४५ मध्ये, लंडनच्या लुईस डर्लाकर याचा पायांच्या व्याधींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. डर्लाकर हा राणी व्हिक्टोरिया हिचा पादचिकित्सक. कुरुपे, नखे व सुजलेले सांधे हा त्याचा व्यवसाय. तिसऱ्या व चौथ्या प्रपदास्थींच्या मध्ये मज्जातंतूची जी तीव्र वेदना उद्भवते तिचे वर्णन त्याने केले. त्याच्याजवळ वेदना आहे, परंतु सिविनीनीची वस्तू नाही. दोघांची गाठ पडली असती तर हा इतिहास कदाचित निराळा झाला असता. परंतु इटलीतील शारीरशास्त्रज्ञ आणि लंडनचा पादचिकित्सक एकमेकांचे लेखन वाचतील अशी ती विद्याव्यवस्था नव्हती. नाव मिळाले ते फिलाडेल्फियाच्या शल्यचिकित्सकास.

टॉमस जॉर्ज मॉर्टन (१८३५–१९०३) हा पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलातील प्रतिष्ठित शल्यविद. कवट्यांच्या मापनासाठी प्रसिद्ध असलेल्या सॅम्युएल जॉर्ज मॉर्टनचा पुत्र. १८७६ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात त्याने जो लेख लिहिला, त्याचा विषय चौथ्या बोटाच्या मुळाशी असलेल्या सांध्याची ‘विलक्षण व वेदनामय’ व्याधी असा होता. शीर्षकावरूनच दिसेल की त्याच्या दृष्टीने व्याधीचे अधिष्ठान सांधा हे होते. पाचवी प्रपदास्थी आखूड व अधिक चल असते; ती चौथीच्या अंगावर दाबली जाते आणि मधील मज्जातंतूच्या शाखा चिमटल्या जातात, असे त्याचे उपपादन होते. उपचार म्हणून त्याने तो सांधाच भोवतालच्या भागासह कापून काढण्याचा पुरस्कार केला. मॉर्टनच्या लेखाचा विषय ‘न्यूरोमा’ हा नव्हता. ‘मॉर्टन-न्यूरोमा’ या समासातील दोन पदे एकमेकांस ओळखत नाहीत, ती अशी.

ही गोष्ट प्रस्तुत लेखाच्या मूळ तर्काविरुद्ध जाणारी आहे, हे येथेच मान्य केले पाहिजे. नाव नव्हते तेव्हाही छेद होताच, आणि तोही मज्जातंतूच्या छेदाहून मोठा. छेदनाची प्रवृत्ती ‘न्यूरोमा’ या शब्दातून जन्मली असे म्हणता येत नाही. भूल आणि जंतुनाशन हाती आल्यानंतरच्या पिढीस जे दुखते ते कापावे असे वाटणे स्वाभाविक होते.

शब्द आणि छेद यांची युती शिकागोच्या हॉडली याच्या १८९३ च्या लेखात झालेली दिसते. त्याआधी चारच वर्षे लियाँ येथील पोलोसाँ याने या वेदनेस ‘मेटाटार्साल्जिया’ असे नाव दिले होते. ‘प्रपदशूल’ एवढाच त्याचा अर्थ. कारणाविषयी काहीही न बोलणारे, म्हणून निर्दोष नाव. हॉडलीने पाऊल उघडले, मज्जातंतूवर एक लहानशी गाठ त्यास दिसली, तिला त्याने न्यूरोमा म्हटले व ती काढून टाकली. रोगी बरा झाला. सिविनीनीची वस्तू व डर्लाकरची वेदना या ठिकाणी प्रथम एकत्र आल्या. परंतु या लेखाचा तत्काळ प्रभाव पडला नाही. पुढील जवळजवळ अर्धशतक सांध्यावरील शस्त्रक्रिया, जोड्यातील गाद्या आणि पावलाच्या कमानीविषयीचे सिद्धांत यांत गेले.

दरम्यान नामाचा आणखी एक घोटाळा झाला. डडली मॉर्टन नावाच्या दुसऱ्या अमेरिकन विद्वानाने १९२७ पासून पहिल्या प्रपदास्थीच्या आखूडपणावर लेखन केले. १९३५ चा त्याचा मानवी पावलावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. त्यामुळे ‘मॉर्टनचे बोट’ या संज्ञेने आता दोन भिन्न गोष्टींचा बोध होऊ लागला, आणि अंगठ्याशेजारचे बोट लांब असणे हे मज्जातंतूच्या कळेचे लक्षण होय असा समज अद्याप अधूनमधून भेटतो. व्यक्तिनामांवरून संज्ञा घडविण्याच्या प्रथेचा हा दोष सर्वश्रुत आहे.

मज्जातंतूच्या छेदनास खरी प्रतिष्ठा मिळाली ती ॲडिलेड येथील बेट्स याच्या १९४० च्या लेखाने. लक्षात घेण्याजोगे हे की, बेट्सने व्याधीस ‘न्यूरायटिस’, म्हणजे मज्जातंतूचा दाह, म्हटले आहे. अर्बुद म्हटलेले नाही. निसेन याने १९४८ मध्ये रक्तपुरवठ्याच्या न्यूनतेचा सिद्धांत मांडला, त्यानेही ‘न्यूरायटिस’ हाच शब्द पसंत केला. १९५१ मध्ये मुल्डर याने हाताच्या मुठीत पाऊल आवळून, तळव्याकडून अंगठ्याने दाब देऊन, गाठ सरकल्याचा ‘खट्’ असा प्रत्यय घेण्याची परीक्षा सांगितली. ती त्याच्या नावाने आजही केली जाते. अर्थात शब्द कोणताही असो, कृती एकच होती : मज्जातंतू कापून काढणे. नावाचे सामर्थ्य येथे मर्यादित दिसते. मात्र ‘दाह’ हा शब्द मागे पडला आणि ‘न्यूरोमा’ टिकला, याचे कारण कृतीशी त्याची असलेली संगती हेच असावे असे प्रस्तुत लेखकास वाटते. दाह कापून काढला असे म्हणणे जिभेवर सहज चढत नाही. न्यूरोमा कापून काढला हे सहज म्हणता येते.

कापून काढलेल्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी जसजशी होत गेली, तसतसे एक चित्र स्थिर झाले. त्यात नव्या मज्जातंतूंची वाढ नसते. असते ती आवरणाची तंतुमय जाडी, रक्तवाहिन्यांच्या भित्तींचे घट्ट होणे, सूज, आणि अक्षतंतूंचा ऱ्हास. दीर्घकाळ दाबल्या व घासल्या गेलेल्या कोणत्याही मज्जातंतूचे रूप असेच असते. विर्खोच्या भेदाप्रमाणे पाहता ही गाठ फार तर ‘खोटा न्यूरोमा’ म्हणता येईल. याउलट मज्जातंतू कापला म्हणजे त्याच्या उरलेल्या टोकातून अक्षतंतू पुन्हा फुटू पाहतात, त्यांना वाट सापडत नाही, आणि त्यांचा गुंता होऊन एक अत्यंत हळवी गाठ तयार होते. ही गाठ खरा न्यूरोमा होय. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी जो नव्हता तो काही रोग्यांत शस्त्रक्रियेमुळे उत्पन्न होतो. आणि वैद्यकीय लेखनात त्यास ‘पुनरुद्भूत न्यूरोमा’ असे म्हणण्याची प्रथा पडलेली आहे! जे एकदाही उद्भवले नव्हते त्यास ‘पुनः’ हा उपसर्ग कसा लागावा, हे व्याकरणाने सांगता येत नाही. रोग्याच्या दृष्टीने मात्र ही विनोदाची गोष्ट नाही. पहिल्या वेदनेहून ही दुसरी वेदना पुष्कळदा अधिक चिवट असते, आणि ‘तुमची जुनीच व्याधी परतली’ असे सांगितले गेल्यास तिचा उगम कोठे आहे हे त्यास कळतही नाही.

१९७९ मध्ये फ्रान्समधील गोतिए याने आपल्या लेखाच्या शीर्षकातच जाहीर केले की टॉमस मॉर्टनची व्याधी हा मज्जातंतूच्या कोंडीचा विकार आहे. प्रपदास्थींच्या डोक्यांना जोडणारा जो आडवा अस्थिबंध असतो, त्याच्या खालून हा मज्जातंतू जातो. पाऊल उचलताना, बोटे मागे वाकली असता, तो त्या बंधाच्या कडेवर ताणला जातो. गोतिएने मज्जातंतू राखला आणि बंध कापला. मनगटाशी तुलना करता या भूमिकेचे बल कळते. तेथेही एक मज्जातंतू आडव्या बंधाखाली कोंडला जातो, आणि तेथेही त्यावर फुगवटा येतो. मारी व फ्वा यांनी १९१३ मध्ये तो शवात पाहिला आणि बंध मोकळा करावा असे सुचविले. मनगटातील मज्जातंतू कापून काढावा असे कोणीही म्हटले नाही. एकाच प्रकारच्या विकारास दोन अवयवांत दोन उपचार का? नावातील भेद हे एक कारण खरे. परंतु अधिक साधे कारण असे की, मनगटातील तो मज्जातंतू कापल्यास हात अधू होतो, आणि पावलातील कापल्यास दोन बोटांच्या फटीत बधिरता येते. ती बहुतेकांस सोसते. जे सोसते ते कापले जाते.

‘अल्पछेदी’ उपचारांचे युग यानंतरचे. ही संकल्पना व तिचे इंग्रजी नाव १९८० च्या दशकात लंडनचे मूत्ररोग-शल्यविद जॉन विकहॅम यांनी रूढ केले. मूळ शब्दातील उपमान सैनिकी आहे : शरीर हा प्रदेश व शल्यविद हा आक्रमक. मराठीत आपण यासाठी ‘दुर्बिणीतून ऑपरेशन’, ‘बिनटाक्याचे ऑपरेशन’ असे शब्द बनविले, आणि ते अधिक प्रांजळ आहेत. कारण ते उपकरणाविषयी व टाक्याविषयी बोलतात, आत काय केले याविषयी काही सुचवीत नाहीत. ‘अल्प’ हे विशेषण त्वचेवरील छेदाचे आहे. मज्जातंतूवर होणाऱ्या कृतीचे नव्हे. पावलाच्या बाबतीत ही सावधगिरी अवश्य ठेवली पाहिजे, कारण येथे एकाच विशेषणाखाली दोन विरुद्ध कुळे नांदत आहेत.

पहिले कूळ गोतिएचे. १९९४ मध्ये बॅरेट व पिन्येटी यांनी दुर्बिणीच्या साह्याने, लहान छेदांतून, तो आडवा बंध तोडण्याची रीत प्रसिद्ध केली. मज्जातंतू येथे अबाधित राहतो. दुसरे कूळ सुईचे, आणि ते मज्जातंतूस निकामी करणारे आहे. त्यातही भेद आहेत. स्टेरॉइडची सुई सूज उतरविते. तिला विध्वंसक म्हणता येणार नाही. एडिंबरो येथील १३१ रोग्यांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ भूल देणाऱ्या औषधाच्या सुईपेक्षा स्टेरॉइडयुक्त सुईने तीन महिन्यांनी अधिक आराम दिल्याचे दिसले. मद्यार्काची सुई निराळी. श्लॉसर याने १९०३ मध्ये चेहऱ्याच्या मज्जाशूळावर जी रीत सुरू केली तीच पावलात उतरली : मद्यार्काने मज्जातंतूतील द्रव्य गोठते व संवेदना खंडित होते. १९९९ मध्ये डॉकरी यांनी चार टक्के मद्यार्काच्या सुयांचा अनुभव प्रसिद्ध केला. २००७ मध्ये इंग्लंडात ह्यूज व त्यांचे सहकारी यांनी ध्वनिचित्राच्या मार्गदर्शनाखाली १०१ रोग्यांस अशा सुया दिल्या. ८४ टक्के रोगी पूर्णपणे वेदनामुक्त झाल्याचे त्यांनी नोंदविले. त्याच समूहातील ४५ रोग्यांचा पाच वर्षांनी मागोवा घेतला असता २९ टक्केच लक्षणमुक्त राहिले होते, आणि १६ जणांवर शस्त्रक्रिया झालेली होती. २०१३ चा हा दुसरा लेख पहिल्याइतका उद्धृत व्हावयास हवा.

शीतोपचाराचा इतिहास अधिक मनोरंजक आहे, आणि आपल्या विषयास जवळचाही. जेम्स आर्नट या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्फ व मीठ यांच्या मिश्रणाने वेदना शमविण्याचे प्रयोग केले. १९६१ मध्ये कूपर यांनी द्रव नायट्रोजनवर चालणारी शलाका बनविली. १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे नेत्रवैद्य अमॉइल्स यांनी दाबाखालील वायू बारीक छिद्रातून सोडून त्याच्या प्रसरणाने शलाकेचे टोक उणे साठ-सत्तर अंशांपर्यंत थंड करण्याची सुटसुटीत युक्ती काढली. तिचाच उपयोग करून लॉइड, बार्नर्ड व ग्लिन यांनी १९७६ मध्ये मज्जातंतू गोठवून वेदना थांबविण्याची पद्धत मांडली. गेल्या शतकाच्या अखेरीस ती पावलातील या मज्जातंतूस लावण्यात आली.

या पद्धतीचे वैशिष्ट्य कळण्यास सेडन याची १९४३ ची त्रिविध संज्ञाव्यवस्था पाहावी लागते. मज्जातंतूच्या इजांचे त्याने तीन प्रकार केले. त्यांची ग्रीक नावे लिव्हरपूलचे प्राध्यापक हेन्री कोहेन यांनी सुचविली होती. पहिल्या प्रकारात (न्यूरॅप्रॅक्सिया) केवळ कार्य थांबते. दुसऱ्यात (ॲक्सोनोट्मेसिस) अक्षतंतू तुटतो, पण त्याची नळी शाबूत राहते. तिसऱ्यात (न्यूरोट्मेसिस) सर्वच तुटते. व्याकरणाच्या अभ्यासकास यातील ‘ट्मेसिस’ हा शब्द ओळखीचा वाटेल. होमरच्या भाषेत उपसर्ग क्रियापदापासून तुटून वाक्यात अन्यत्र उभा राहतो, त्यास हेच नाव आहे, आणि वैदिक संस्कृतातही तीच स्थिती आढळते. शीताने होणारी इजा दुसऱ्या प्रकारची. नळी शाबूत असल्यामुळे अक्षतंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने आपल्याच मार्गाने परत वाढतो, आणि खरा न्यूरोमा होण्याचा संभव फार कमी राहतो. किंमत अशी की, मज्जातंतूबरोबर वेदनाही परत येऊ शकते. उष्णतेच्या उपचारात, म्हणजे विद्युल्लहरींनी सुईचे टोक ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापविण्यात, नळी वाचेलच अशी हमी नसते. म्हणून बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन सुया, एक गोठविणारी व एक जाळणारी, परिणामाने भिन्न ठरू शकतात. ‘अल्पछेदी’ या शब्दाने हा भेद झाकला जातो.

या सर्व सुया गाठीवर नेमक्या नेता येऊ लागल्या त्या ध्वनिचित्रणामुळे. १९८९ पासून ही गाठ पडद्यावर दिसू लागली. येथे नावाचा परिणाम मला अधिक स्पष्ट दिसतो. चित्र पाहणारा गाठ शोधतो, कारण व्याधीचे नावच गाठ हे आहे. परंतु २००० साली न्यूयॉर्कमधील बेनकार्डिनो व सहकाऱ्यांनी चुंबकीय चित्रांत अशी गाठ दिसलेल्या व्यक्ती तपासल्या, तेव्हा त्यांतील सुमारे एक तृतीयांशांस या विकाराची काहीही तक्रार नव्हती. गाठ असून वेदना नाही, अशी माणसे आपल्यात वावरत आहेत. त्यांचे चित्र अन्य कारणासाठी काढले गेले व अहवालावर ‘न्यूरोमा’ हा शब्द उमटला, तर पुढे काय होते हे त्या शब्दाच्या वाचकावर अवलंबून राहते.

मराठी परिभाषेपुढेही हा प्रश्न आहे. सुश्रुताच्या निदानस्थानात ‘वातकंटक’ नावाची पावलाची वेदना वर्णिलेली आहे, आणि ती या विकारास जोडण्याचा मोह होतो. परंतु तिचे स्थान घोट्याकडचे असून, पाऊल विषम पडणे हे तिचे कारण दिले आहे. दोन्ही एक मानण्यास आधार नाही. लोकभाषेतील ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनी व मज्जातंतू या दोहोंस चालतो, म्हणून परिभाषाकार त्यास नाकारतात, आणि ते योग्यही आहे. तथापि ‘नस दबली’ या रोजच्या प्रयोगात विकाराचे कारण बरोबर सांगितलेले आहे, जे ‘न्यूरोमा’त नाही. ‘प्रपद-मज्जातंतु-अर्बुद’ असे शब्दशः भाषांतर काही हस्तपुस्तिकांसाठी सुचविले जाण्याचा संभव आहे. ते स्वीकारू नये असे माझे मत आहे. ‘प्रपदातील मज्जातंतुपीडन’ म्हणावे, अथवा पोलोसाँच्या मार्गाने नुसते ‘प्रपदशूल’ म्हणून कारणाची जागा मोकळी ठेवावी. पहिल्यात कारण आहे पण थोडी लांबण आहे. दुसऱ्यात सुटसुटीतपणा आहे, पण पावलाच्या पुढच्या भागाच्या इतर वेदनाही त्यात शिरतील. रोग्यास देण्याच्या कागदावर पहिले वापरणे मला अधिक बरे वाटते.